सुतळीवरची अक्कल

कुंदन सर नारायणगावच्या स्टँडवर एसटीत चढायच्या आधी शेजारच्या माणसाला विचारायचे, "गाडी आलीय ना? तुम्हालाही दिसतेय ना?" पाटी वाचता येत नसावी असं वाटून लोक बिचारे वाचून दाखवायचे. सर मनापासून आभार मानायचे आणि मगच चढायचे.

आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी चित्रकला. सरांच्या घरचं कापडाचं दुकान, भाऊ गल्ल्यावर बसलेले. हे पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेले आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आले. का, ते कुणी विचारलं नाही. बीएससी मात्र त्यांनी इथूनच पुरी केली. लग्न केलं नाही. दुकानात बसायचं नाही म्हणून शाळेसमोरच्या रस्त्याला एक खोली घेऊन राहिले.

स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्टाफरूममध्ये चहा आला की एक घोट घेऊन म्हणायचे, "साखर कमी आहे असं किती जणांना वाटतं?" बहुमत झाल्यावरच साखर मागवायचे. आभाळ भरून आलं तर तिघांना विचारून छत्री उघडायचे, तोवर भिजलेले असायचे. "एकट्याचं बघणं म्हणजे बघणं नव्हे, शिंदे सर," असं मला नेहमी सांगायचे. मी हसायचो. सगळेच हसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. एका एप्रिलमध्ये शाळेच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'कृत्रिम बुद्धिमत्ता – नववी-दहावीसाठी उन्हाळी शिबिर'. फळा वाचून एक म्हातारबाबा मला म्हणाले, "कृत्रिम म्हंजी नकलीच ना, मास्तर? मंग नकली अक्कल शिकाया पोरं कशाला धाडायची? घरात काय कमी हाये का?" तरी पोरं आली. सुट्टीत घरी राहिलं तर टोमॅटोच्या तोडणीला जावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळेत दोन कॉम्प्युटर होते, पण दिवसभर लाइट नसायची. सर म्हणाले, कॉम्प्युटर नकोच, अक्कल सुतळीवरही चालते. त्यांनी सुतळीचे गुंडे आणले आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीत पोरांचंच यंत्र बांधलं.

कठड्याशी पुढची रांग. प्रत्येकाच्या हातात दोऱ्या आणि प्रत्येकाने बघायची एकच गोष्ट. एकाने फक्त ठिपके, दुसरीने फक्त शेपूट, तिसऱ्याने कान. ती दिसली की दोरी ओढायची. त्यांच्यामागे दुसरी रांग, डोळ्यांना रुमाल बांधलेली. हातातल्या दोऱ्यांना पुरेसे हिसके बसले की त्यांनी आपली दोरी ओढायची. त्या सगळ्या दोऱ्या खिडकीतून वर्गात जायच्या. तिथे वैशाली नावाची मुलगी एकटी बसायची, बाहेरचं काही न बघता. तिने हाताला लागलेल्या ओढीवरून नाव सांगायचं.

चित्रं मी काढली होती : कुत्रा, मांजर, वासरू, बिबट्या. बिबट्या घातला कारण त्या वर्षी गावोगाव त्याचाच विषय होता. मी खाली अंगणात उभा राहून चित्र उंच धरायचो. सुरुवातीला वैशाली वासराला मांजर म्हणायची आणि पोरं हसून लोळायची. सर मात्र शांतपणे प्रत्येक चुकीनंतर सांगत फिरायचे, या दोरीचं जरा कमी ऐक, त्या दोरीचं जास्त. असं करत करत दुसऱ्या आठवड्यात चुका जवळजवळ थांबल्या.

तेव्हापासून मला ते बघवेना. दोरी ओढणाऱ्याला आपण काय पाहिलं ते माहीत नसायचं. मधल्यांचे डोळे बांधलेले. आतल्या मुलीने काहीच पाहिलेलं नसायचं. आणि रिकाम्या वर्गातून तिचा आवाज यायचा, "कुत्रा." माझ्या हातात कुत्राच असायचा. सर म्हणायचे, बुद्धी ही अशीच असते, ती कुणा एकाजवळ नसतेच. मला भर उन्हात काटा यायचा.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी चित्रं घेऊन अंगणात निघालो, तर सरांनी मला वरच थांबवलं. आज चित्र नको म्हणाले. रस्त्यापलीकडे उसाचं रान होतं, पार ओढ्यापर्यंत गेलेलं. पुढच्या रांगेला त्यांनी सांगितलं, तेच आजचं चित्र समजा आणि नेहमीसारखं बघा. पोरं एकमेकांकडे बघून हसली. सर हसले नाहीत.

वारा पडला होता. उसाचं पातंही हलत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग एका कडेची दोरी हलली. थोड्या वेळाने दुसरी. मधल्या रांगेतल्या एका डोळे बांधलेल्या पोराने हात मागे घेतला, मग त्याच्या शेजारच्या मुलीने. खिडकीच्या चौकटीवर सुतळी घासल्याचा आवाज आला.

"बिबट्या," वैशाली आतून म्हणाली.

पुढच्या पोरांना मी विचारलं, कुणाला बिबट्या दिसला? कुणालाच नव्हता. ठिपकेवाला म्हणाला, वाळल्या पाचटावर काळे डाग दिसल्यासारखे वाटले. शेपूटवालीला उसाच्या बुडख्यात काहीतरी दोरखंडासारखं वळलेलं दिसलं होतं. कानवाला म्हणाला, "सर, कान नाय, पण काय तरी टवकारलं व्हतं." मी डोळे ताणून बघितलं. मला नुसता ऊस दिसला.

सरांनी पुन्हा बघायला लावलं. पुन्हा दोऱ्या हलल्या. वर्गातून पुन्हा तोच शब्द आला, या वेळी जरा घाबरून.

मी पोरांना वर्गात घातलं, कडी लावली, शिपायाला फॉरेस्टवाल्यांना फोन करायला पिटाळलं. मागे वळून बघतो तर कुंदन सर कठडा धरून तसेच उभे. गाल ओले. आणि हसत होते.

"म्हणजे आहे," ते म्हणाले. "आहे तर."

संध्याकाळी फॉरेस्टची माणसं आली. उसाच्या कडेला ओल्या मातीत पंजे उठले होते. पिंजरा लागला आणि काही दिवसांनी बिबट्याची मादी त्यात सापडली. तोवर शाळेत दुसरीच गर्दी सुरू झाली होती. कुणाचा बैल हरवलेला, कुणाला पाऊस कधी ते हवं होतं. बेल्ह्याहून जीप करून आलेल्या एका पाव्हण्याला मुलाचं लग्न जमेल का ते सुतळीला विचारायचं होतं. सरांनी सगळ्यांपुढे हात जोडले आणि दोऱ्या सोडून शिबिर बंद केलं.

त्याच दिवशी त्यांनी मला खोलीवर चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिडकीतून तोच ऊस दिसत होता. ते म्हणाले, पोरांच्या आधी कितीतरी सकाळी ती मादी बांधावर बसलेली मी इथून बघत होतो.

मी चिडलो. विचारलं, मग गप्प का बसलात?

"मला दिसतं म्हणजे असतंच, असं नाही ना," ते म्हणाले. "घरी सांगितलं असतं तर आईने आधी माझी गोळ्यांची डबी तपासली असती."

मग पुण्याचं सांगितलं. होस्टेलवर त्यांच्या खोलीत मनोहर नावाचा मुलगा रोज यायचा. खिडकीत बसून विचार करणाऱ्या यंत्रांबद्दल बोलायचा. दोऱ्यांची कल्पना त्याचीच. एक अख्खा पावसाळा दोघं बोलत होते. मग कळलं की त्या नावाचा मुलगा होस्टेलवर नव्हता, कॉलेजातही नव्हता. बाकीच्यांना कुंदन एकटाच बोलताना दिसायचा. वडील येऊन घेऊन गेले. दवाखाना झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि मनोहर यायचा थांबला.

"बरं झालं म्हणतात सगळे. झालंच बरं," सर म्हणाले. "पण शिंदे सर, तसं बोलणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. आणि माणूस गेला की चार जण त्याची आठवण काढतात. याची मी कुणाबरोबर काढू?"

खिडकीच्या रिकाम्या कट्ट्याकडे बघायचं मी टाळत होतो. शेवटी सुचलं ते विचारलं.

"दिसायला कसा होता मनोहर?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. तो काय सांगतो, पुन्हा येतो का, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं असणार. हे कुणी विचारलं नसावं.

"बुटका होता," ते म्हणाले. "शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात."

मग उठून त्यांनी उरलेला चहा दोन कपांत सारखा ओतला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि अंधार पडेपर्यंत त्याच्याबद्दल सांगत राहिले.