बिबवेवाडीचे मडावी सर

आमच्या शाळेतल्या मडावी सरांनी एकदा चौथीच्या अख्ख्या वर्गाला एका प्रश्नात शून्य दिलं. प्रश्न होता, ‘आदिवासी लोक कोठे राहतात?’ एकूणएक मुलांनी ‘जंगलात’ असं लिहिलं होतं, कारण गाईडात तसंच छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील पेपर घेऊन भांडायला आले.

“अहो सर, यात चूक काय आहे?”

“मी गोंड आहे. म्हणजे आदिवासी. आणि मी बिबवेवाडीत राहतो.”

“म्हणून काय जंगलात राहणारे नाहीतच?”

“आहेत ना. म्हणून उत्तर अपूर्ण आहे. ‘जंगलात आणि बिबवेवाडीत’ असं लिहिलं असतं तर पूर्ण गुण दिले असते. तिसऱ्या मजल्यावर राहतो जी. लिफ्ट नाही.”

ते गृहस्थ पेठेतले. वादात हरण्याची त्यांना सवय नव्हती. बराच वेळ पेपराकडे बघून शेवटी “दोनापैकी एक तरी द्या” म्हणाले. सरांनी अर्धा दिला.

आमची शाळा कसबा पेठेतली, मराठी माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे समोर जेवढी मुलं उरली होती त्यांना. त्या वर्षांत हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या एकेका इयत्तेची एकेक तुकडी बंद होत होती. पेठेतली घरं विकून लोक कोथरूड, बिबवेवाडी, कात्रजला गेले आणि तिथे त्यांच्या मुलांना टाय मिळाले. शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली बसून आम्ही पट मोजायचो आणि पुढच्या वर्षी कोण अतिरिक्त ठरणार याचा हिशोब करायचो. त्या हिशोबात भाग न घेणारे एकटे मडावी सर. ते डबा खायचे.

सर गडचिरोलीकडचे. बारीक चणीचे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुण्यात आल्यावर त्यांनी इथलं मराठी इतकं मनावर घेतलं होतं, की त्यांचे ‘ळ’ आणि ‘ण’ आमच्यापेक्षा स्वच्छ होते. मी कधी घाईत ‘पानी’ म्हणाले तर ते मान वर करून बघायचे. फक्त वाक्याच्या शेवटचा ‘जी’ तेवढा गावाकडचा राहिला होता.

त्या ‘पाणी’ शब्दामागेही एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, डब्यातली भेंडी निवडून खाता खाता.

“आमच्या गावात गोटूल होतं बाई. संध्याकाळी सगळी पोरं तिथे जमायची. मोठी पोरं लहानांना शिकवायची. गाणी, नाच, कोणतं पान खायचं, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही. परीक्षा नव्हती, त्यामुळे नापासही कुणी नव्हतं. मग मला आश्रमशाळेत घातलं आणि मी पहिल्याच वर्षी नापास झालो.”

“कशात?”

“पाण्यात. गुरुजींनी तांब्या दाखवून विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, येर. आमच्या गोंडीत पाण्याला येर म्हणतात. छडी बसली. वाटलं, तांब्या रिकामा असेल. डोकावून बघितलं तर भरलेला होता. पुन्हा म्हटलं, येर.”

ते हसले, म्हणून मीही हसले. नंतर दिवसभर मला ते हसणं बरं वाटलं नाही.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. स्वभावाने वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. एका वर्षी कुठल्याशा कंपनीने शाळेला कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं आणि देणारी मंडळी ‘काहीतरी सांस्कृतिक’ बघायला येणार असं ठरलं. मोठ्या बाई सरांकडे आल्या.

“सर, एक आदिवासी नृत्य बसवा. तुमचंच आहे ना ते. मुलांच्या कमरेला पानं लावू, तोंडावर ठिपके काढू.”

“बाई, मी आयुष्यात कमरेला पान लावलेलं नाही. पट्टा लावतो.”

“अहो, पाहुण्यांना आवडतं तसलं.”

“ठीक आहे. आमच्याकडचं काहीतरी बसवतो.”

महिनाभर सर सातवीच्या मुलींना घेऊन शाळा सुटल्यावर वर्गात बसत. दार बंद. आतून ढोलाचा आवाज येत नव्हता, याची मोठ्या बाईंना काळजी वाटे. मी त्यांना ‘सर करतील’ म्हणत असे. मलाही खात्री नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या. कंपनीची चार-पाच तरुण मंडळी गळ्यात ओळखपत्रं घालून पुढे बसली. पडदा सरकला. स्टेजवर सातवीच्या मुली गणवेशातच बसलेल्या, प्रत्येकीपुढे चौथीची तीन-तीन मुलं आणि मधे चिंचोक्यांचा ढीग. मुली चिंचोके मांडून गोंडीत मोजायला शिकवत होत्या. उंदी, रंड, मुंद. एखाद्या मुलाचं चुकलं की मुलगी रागवत नव्हती, चिंचोके विस्कटून पुन्हा मांडत होती. माईक नव्हता. नुसती कुजबुज. वीस मिनिटं हेच चाललं होतं. चौथीतला एक जण पाचपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या गटाने टाळ्या वाजवल्या, आणि सभागृहात मी एकटीने.

पाहुण्यांपैकी एकाने मागे वळून हळूच विचारलं, “सर, परफॉर्मन्स कधी स्टार्ट होणार?”

“झाला जी,” मडावी सर म्हणाले. “शिकवून झालं.”

कॉम्प्युटर आले. त्यातले काही चालूही झाले. मोठ्या बाईंनी सरांना एक शब्द विचारला नाही. पुढच्या वर्षी समूहगान ठेवायचं असं मात्र सूचनावहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सरांनी सही केली आणि तारीखही सुवाच्य घातली.

मे महिन्यात आम्हा शिक्षकांना आणखी एक काम असे. पहिलीसाठी मुलं शोधत दारोदार फिरायचं. त्या वर्षी मी आणि सर कात्रजला गेलो. ऊन मी म्हणत होतं. तीन सोसायट्या झाल्या. एका आईने दार उघडून “आम्ही इंग्लिशला घातलंय” एवढंच सांगितलं, दुसरीने पाणी दिलं आणि मग तेच सांगितलं. पाय दुखायला लागले होते. एका मोठ्या इमारतीचं काम चालू होतं, तिच्या सावलीला आम्ही थांबलो. घमेली वाहणाऱ्या बायकांपैकी एक जण वाळूत खेळणाऱ्या आपल्या मुलीवर ओरडली.

सर वळले. मला ते शब्द कळले नव्हते, पण ती गोंडी होती हे सरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलले. ठेकेदाराचा माणूस समजून ती गप्प राहिली. सर पुन्हा बोलले, या वेळी अडखळत. तिने घमेलं खाली ठेवलं, त्यांना नीट न्याहाळलं आणि एकच वाक्य बोलली. बाकीच्या बायका हसल्या. सर हसले नाहीत.

“काय म्हणाली?” मी परत येताना बसमध्ये विचारलं.

“विचारत होती, घरी बोलायला कुणी नाही का तुम्हाला.” मग म्हणाले, “आई होती तोवर दिवाळीत गावी बोलणं व्हायचं. बायको नागपूरची, तिला येत नाही. मुलीला मी शिकवलीच नाही. वाटलं, तिला छडी नको.”

मोठ्या बाईंनी किती नावं मिळाली विचारलं तेव्हा आमच्या लक्षात आलं, की त्या मुलीला शाळेत घालता का, हे विचारायचंच राहिलं होतं.

त्यानंतर सर दर रविवारी कात्रजला जाऊ लागले. जूनमध्ये एकदा मीही गेले. सर विटांवर बसले होते आणि भोवती पाच-सहा पोरं. पोरं एकेका वस्तूकडे बोट दाखवत होती, सर नाव सांगत होते. चुकलं की पोरं खिदळून दुरुस्त करत. सर खिशातली छोटी वही काढून लिहून घेत. वर्गात कधी त्यांना इतकं चुकताना मी पाहिलं नव्हतं, आणि इतकं खुशीतही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका सोमवारी सर शिक्षकांच्या खोलीत डबा न उघडता बसले होते.

“काम संपलं तिथलं,” ते म्हणाले. “मंडळी गेली. कुठे ते कुणाला माहीत नाही. वॉचमनने मला विचारलं, फ्लॅट बघायचाय का.”

बाहेर मधल्या सुट्टीचा गोंधळ चालला होता, तोही आता पूर्वीएवढा उरला नव्हता. मग सर म्हणाले, “बाई, तुम्ही भाषेच्या शिक्षिका. एक वाक्य शिकाल का?”

“कोणतं?”

“जेवलात का.”

ते शिकायला मला चार दिवस लागले. इथे लिहून दाखवत नाही, कारण देवनागरीत ते नीट बसत नाही असं सर म्हणत. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ते विचारलं. सर डब्याचं झाकण हातात धरून तसेच राहिले. मग त्यांनी उत्तर दिलं आणि मला भाकरीचा अर्धा तुकडा दिला.

पुढे सर निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षांनी मीही. आता मी रविवारी सकाळी त्यांना फोन करते आणि ते वाक्य विचारते. मग सर बोलायला लागतात. पुष्कळ बोलतात, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मला त्यातलं काहीच कळत नाही आणि हे त्यांनाही माहीत आहे. मी फोन कानाला लावून ऐकत राहते.