टॉवरला सावली

"टॉवरला काय हवं-नको, ते माझ्याइतकं या सड्यावर कुणालाच कळत नाही!" असं अण्णा गुरुजी म्हणाले, आणि तेव्हापासूनच टॉवरची प्रकृती ढासळू लागली!

वेळणेश्वरच्या वरचा सडा म्हणजे नुसता तापलेला कातळ. वीज नाही, झाड नाही. तिथे दोन हजार आठ साली मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तोही उन्हावर चालणारा! कुंपणात निळ्या काचेच्या सोलर पॅनेलांच्या रांगा, शेजारी बॅटऱ्यांची खोली. निवृत्त शिक्षक म्हणजे भरवशाचा माणूस, म्हणून कंपनीने कुंपणाची किल्ली अण्णांकडे दिली. अण्णांनी टॉवरचं चक्क बारसं केलं, पेढे वाटले आणि वाडीतल्या पोरांना गोळा करून धडा दिला.

"ऊन म्हणजे टॉवरचं जेवण. पॅनेल म्हणजे तोंड, बॅटऱ्या म्हणजे पोट. सांगा पाहू, टॉवरचं जेवण काय?"

"ऊऊऊन!" पोरं ओरडली. वर्षभर वाटेत अण्णा दिसले, की पोरं 'नमस्कार'ऐवजी 'ऊऊऊन' म्हणत.

अण्णांचा जीव या टॉवरला टांगलेला होता, त्याला कारण मुंबईची नात आर्या. दर रविवारी ती फोन करी आणि अण्णा तिच्याकडून पाढे म्हणवून घेत. ती एकोणतीसच्या पाढ्यात अडखळली, की अण्णा सुखावत. अजून आपली गरज आहे म्हणून!

अशात कंपनीचा निरोप आला. टॉवरला वर्ष झालं, रविवारी साहेब तपासणीला येणार. टॉवर धड चालत नसेल, तर उचलून खाडीपलीकडे नेणार!

"अहो, आता आर्याचा फोन?" अण्णांच्या पत्नी हेमाकाकूंनी कपाळाला हात लावला.

"मी असताना टॉवर आजारी पडतो काय!" अण्णा म्हणाले. मागे कंपनीचा मेकॅनिक बोलून गेला होता, बॅटऱ्यांना उष्णता सोसत नाही. वैशाख तर पेटलेला. अण्णांनी शेजारच्या काशीरामला हाक मारली.

"काशीराम, बॅटऱ्यांच्या खोलीवर मांडव घाल. चांगला गार, झावळ्यांचा!"

मांडव झाला. तो पाहायला काशीरामची बायको तुळसा आली. "अण्णानू, सायब काय बॅटरीच्या डोक्यावर बसणार? त्याला नको सावली?"

मांडव पुढे सरकला आणि पहिली पॅनेलं झाकली गेली. संध्याकाळी अण्णांच्या मोबाइलवरच्या सिग्नलच्या चार दांड्यांपैकी एक गळाली.

"बघ! बॅटऱ्या तापल्या!" अण्णा म्हणाले. "आणखी झावळ्या घाल!"

आणखी पॅनेलं झाकली. आणखी एक दांडी गेली.

"ताप वाढतोय रे! घाल, घाल!"

"अण्णा, माझ्या माडांना आता नुसते शेंडे रवले," काशीराम रडकुंडीला आला.

"मग माझ्या माडांच्या झावळ्या तोड!"

शनिवारपर्यंत सगळं कुंपण मांडवाखाली गेलं. आंब्याची तोरणं लागली. तुळसाने टॉवरवरून नारळ ओवाळून टाकला. आणि रविवारी सकाळी शेवटची दांडीही मावळली!

दुपारी रितेशसाहेब आले, ते घामाने निथळत. "गुरुजी, वाट चुकलो! रविवार मोडून आलोय, आणि तासभर तुमचा फोनच लागत नाही!"

मांडवात शिरताच ते निवळले. "वा! सड्यावर असला गारवा? झकास!" दोन पेले कोकम सरबत रिचवून ते बॅटऱ्यांच्या खोलीत गेले आणि पडलेल्या तोंडाने बाहेर आले.

"बॅटऱ्या साफ रिकाम्या. गुरुजी, टॉवर हलवावा लागणार."

अण्णा लगबगीने पुढे झाले. "साहेब, देखभालीत कसूर नाही हो! ही वाडीतली पोरंसुद्धा सांगतील. पोरांनो, टॉवरचं जेवण काय?"

"ऊऊऊन!"

"आणि ते कुठून येतं?" अण्णांनी सवयीने छडी वर केली, सूर्य दाखवायला.

छडी फस्सकन झावळ्यांत घुसली. वरून एक भला मोठा सरडा साहेबांच्या पेल्यात पडला.

कुणीच हसलं नाही. अण्णा वर बघत होते. साहेब वर बघत होते. सरडाही वरच बघत होता.

"काशीराम," अण्णा अगदी हळू म्हणाले, "मांडव काढ."

"आत्ता? आणि माझे माड?"

मांडव उतरला. साहेब पोट धरून हसले, पण बॅटऱ्या भरेपर्यंत थांबायला तयार झाले. प्रश्न सावलीचा होता. सड्यावर आता एकच सावली उरली होती, टॉवरची, हातभर रुंद! साहेब, काशीराम, तुळसा, हेमाकाकू, पोरं, सगळे तिच्यात एकामागे एक उभे राहिले, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावे तसे. सावली सरकली, की रांग सरके. अण्णा मात्र शिक्षा म्हणून उन्हात उभे राहिले, आपणहून.

सूर्य कलायला लागला, तेव्हा अण्णांचा मोबाइल वाजला. साहेबांनी हसत मान हलवली. टॉवर राहणार होता!

"आजोबा, पाढे नंतर हं!" पलीकडून आर्या म्हणाली. "उन्हाळी शिबिरात आम्हाला सौर ऊर्जा शिकवली. सूर्याची वीज कशी होते, सांगू? तुम्हाला माहितीये का?"

अण्णांनी रांगेकडे पाहिलं. अख्खी रांग कान टवकारून उभी होती.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "सांग. अगदी पहिल्यापासून सांग."