गप्प बसण्याची परीक्षा

योहानतात्यांनी अंगणातून नुसतं "दूध आलं का?" विचारलं, तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं "आलं, आलं" म्हणून उत्तर देतात. साखर कारखान्यात गाळपाच्या घरघरीत त्यांचा उभा जन्म गेला. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्या माणसाला ऐकू जायचं नाही. ते निवृत्त झाले, पण आवाज काही झाला नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात त्यांची न् आमची भिंत एकच, त्यामुळे आम्हाला गजराचं घड्याळ लागत नाही.

अशा माणसानं साठी उलटल्यावर कॉलेजात नाव घातलं. पदवी कसली, तर ख्रिस्ती सेवाकार्य आणि नेतृत्व. "मुद्दा काय हाय की बाई," ते मला सांगायला आले, "चर्चच्या मंडळीची सेवा करायची तर नुसती भक्ती भागत न्हाय. शिकाय लागतंय." मुद्दा काय हाय की, हे त्यांचं पालुपद. त्यानंतर मुद्दा येईलच अशी खात्री नसते.

तात्यांचा अभ्यास म्हणजे सगळ्या गल्लीचा अभ्यास. गच्चीवर येरझाऱ्या घालत ते धडे मोठ्यानं वाचतात. 'पुढारी हा आधी सेवक असतो' हे वाक्य आमच्या भाजीवालीलाही पाठ झालंय. गल्लीत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं, तेव्हा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तात्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकानं मन मोकळं करावं, असं सांगितलं. मोकळं झालं ते तात्यांचंच. टाकी अजून गळतेय.

पेपर सगळे सुटले. गाडी अडली प्रात्यक्षिकात. आजारी माणसाला भेटायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं, एवढंच. कॉलेजचे सर सोबत होते. पेशंटचं दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं. धीर द्यावा म्हणून तात्यांनी त्याला आपल्या ओळखीतले हर्नियावाले सगळे सांगितले, गेलेले धरून. 'विद्यार्थी फार बोलतो,' असा शेरा मिळाला. आता पुन्हा भेट द्यायची, आणि ती बिघडली तर पदवी नाही.

सरावाला आमच्या सासूबाई सापडल्या. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळलेल्या. तात्या आले, खुर्चीत बसले. हात गुडघ्यावर, तोंड बंद.

आता कोल्हापुरात पाहुणा येऊन गप्प बसला, तर अर्थ दोनच. एक तर तो रुसलाय, नाहीतर कुणीतरी गेलंय. सासूबाईंनी चहाचं विचारलं, तात्यांची मान हलली. लेकीचं विचारलं, मान हलली. तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "सुनंदा, डाक्टरनं ह्येला काय सांगून धाडलंय गं? माझ्या पाटल्या काढ. थोरलीला दे."

"मावशी, तुम्हास्नी काय झालेलं न्हाय! परीक्षा हाय माझी!" तात्यांची ती आरोळी कारखान्यापर्यंत गेली असणार.

मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "तात्या, या वयात कशाला हा खटाटोप?"

ते खुर्चीतच बसून राहिले. बायकोचं नाव काढताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमची मार्था आजारी हुती न्हवं, शेवटी शेवटी तिला कायतरी सांगायचं असायचं. तिनं तोंड उघडलं की मी सुरू. बरी हुशील, लेकीकडं जाऊया, ह्ये न् त्ये. ती काय बोलंल ह्येचंच मला भ्या वाटायचं, बाई. गेली. तिचं सांगायचं ऱ्हायलंच."

सासूबाई बोलल्या. "योहान, मलाबी भ्या वाटतंय रं. मी आता परत उभी न्हाय ऱ्हायाची." हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तात्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सासूबाई बोलत राहिल्या, रडल्या, मध्येच कुठल्याशा जुन्या म्हशीच्या आठवणीनं हसल्यासुद्धा. तात्या ऐकत होते. चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नाही.

ते गेल्यावर सासूबाई उशीला टेकल्या. म्हणाल्या, "योहान आज लई चांगलं बोलला."

सरांसोबतची भेट अजून व्हायचीय. पण मी भिंतीवरून तात्यांना सासूबाईंचं ते बोलणं सांगितलं आणि म्हटलं, माझ्या लेखी तुम्ही पास.

"मुद्दा काय हाय की बाई..." त्यांनी सुरुवात केली. खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसत ते घरात गेले.