पंचविसाव्या दातापासून

रविवारी धाकट्या लेकीकडे कायमचं राहायला जायचं, असं सासूबाईंनी जाहीर केलं तेव्हा थोरल्या लेकीने, म्हणजे जावईबापूंच्या बायकोने, भाजीत दोनदा मीठ घातलं. कारण विचारल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, की या घरात आवाजच नाही, दुपार खायला उठते.

आवाज म्हणजे घड्याळाचा, हे जावईबापूंनी परस्पर ठरवून टाकलं. (ठरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.) सासरे चार महिन्यांपूर्वी गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचं भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ थांबलं होतं. आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे दात झिजले होते. आणि जावईबापूंकडे मागच्या खोलीत सीएनसी राउटर होता. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, फिरतं पातं प्लॅस्टिकच्या शीटमधून ते हुबेहूब कापून देतं. विमा कचेरीतून चार दिवसांची रजा काढून त्यांनी शब्द दिला, की शनिवारपर्यंत टोले पडतील. बायकोने त्यांच्याकडे आशेने पाहिलं. अशी वेळ बऱ्याच वर्षांनी आल्यामुळे ते जरा घाबरलेच.

चाकाला अठ्ठेचाळीस दात. दुपारच्या जेवणानंतर पहिलं चाक कापून झालं. चोवीस दात मोत्यासारखे. पंचविसाव्यापासून पुढचे सगळे एका अंगाने बारीक, कोणीतरी कुरतडल्यासारखे. पातं बोथट असेल म्हणून त्यांनी नवं बसवलं. दुसऱ्या दुपारी दुसऱ्या चाकाचंही तेच, पंचविसाव्या दातापासून. वेग कमी केला, पट्टा ताणला, सगळे स्क्रू आवळले. तिसरंही तसंच निघालं.

हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आधी साधा चौकोन कापून मोजा. जावईबापू नाकाला रुमाल लावून मशीनशेजारी उभे राहिले. तीन मिनिटांत चौकोन तयार, केसाचाही फरक नाही. गोल कापला, तोही बिनचूक. मग चाक लावलं. त्याला चाळीस मिनिटं लागत आणि प्लॅस्टिकच्या भुशाने शिंकांचा सपाटा सुरू होई, म्हणून ते नेहमीप्रमाणे दार ओढून बाल्कनीत जाऊन बसले. परत येऊन पाहतात तो पंचविसाव्यापासून बोंब.

म्हणजे आपण समोर असताना मशीन सरळ वागतं आणि पाठ फिरली की बिघडतं. (कचेरीत याला ते नियम मानत, घरात मात्र अंगावर काटा आला.) खोलीत डांबराच्या गोळ्यांचा मंद वास येत होता. सासऱ्यांच्या तपकिरी स्वेटरला बारा महिने हाच वास असे. आणि जमिनीवरच्या पांढऱ्या भुशात चपलांचे ठसे होते. दारापासून मशीनपर्यंत आलेले, तिथे बराच वेळ थांबलेले, परत गेलेले. लांबलचक ठसे. घरात एवढा मोठा पाय एकाच माणसाचा होता.

जावईबापूंनी बायकोला हळूच विचारलं, की बाबांचा आपल्यावर काही राग होता का. ती म्हणाली, "त्यांचं घड्याळ तुम्ही उघडलंत, आता असेल." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी शेवटची शीट दुहेरी टेपने टेबलावर चिकटवली, मशीन चालू केलं आणि स्वतः कपाटामागे लपले. नाक चिमटीत धरून. वीस मिनिटं झाली. चोवीस दात कापून झाले असतील, तेवढ्यात चपला फरफटल्या. दार आपोआप उघडल्यासारखं उघडलं. तपकिरी स्वेटर आत आला. त्यांच्याकडे पाठ करून मशीनशी उभा राहिला, आणि एक हात शीटच्या कडेवर अलगद टेकला.

जावईबापूंनी नाक सोडून हात जोडले. "बाबा," ते कसेबसे म्हणाले, "मी मनापासून करतोय हो."

स्वेटर वळला. आत सासूबाई होत्या. पायात नवऱ्याच्या चपला.

"तुम्ही कपाटामागे काय करताय?" त्यांनी विचारलं. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "जेवून डोळा लागतो आणि हा आवाज सुरू होतो. थेट यांच्या घोरण्यासारखा. वाटतं, शेजारच्या खोलीत झोपलेत. वीसेक मिनिटं पडून ऐकते, मग येऊन जरा हात ठेवते."

शीट त्यांच्या हाताखाली टेपवरून केसभर सरकली होती. जावईबापूंना चूक सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यांनी आधी मशीन थांबवलं. मग खुर्ची आणून मशीनशेजारी ठेवली आणि उरलेल्या तुकड्यातून नवं चाक लावलं. सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस दात नीट आले. संध्याकाळी घड्याळाचे टोले पडले. सासूबाईंनी ते ऐकले आणि बंद करायला सांगितलं. पूर्वीही त्या टोल्यांनी त्यांची झोपमोड व्हायची म्हणे.

त्यांनी बॅग मात्र पुन्हा कपाटात ठेवली. बायको स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली, आणि तिने नवऱ्याला मशीन रोज दुपारी तासभर चालवायला सांगितलं. कचेरीच्या दिवशी ती स्वतः बटण दाबणार होती. शीट लावायची नाही, नुसतंच चालवायचं.

रविवारी सासूबाईंनी धाकटीला फोन करून कळवलं, की येत नाही. पुढच्या रविवारच्या फोनवर पलीकडून प्रश्न आला असावा, की दाजी रोज त्या मशीनवर बनवतात तरी काय.

"काही नाही," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "आणि तेव्हापासून एकदाही चुकलं नाही हो त्यांचं."