भुरूक सरांच्या पाचजणी

एसटीतून उतरणारा माणूस आधी पिशवी सांभाळतो, मग पदर किंवा धोतर, आणि मग बेताने पाय खाली टाकतो. भुरूक सर उडी मारतात. दोन्ही पाय एकदम जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले, आणि लगेच दोन्ही हात ताठ वर. असे दोन क्षण थांबतात. वय छपन्न, पोट जरासं पुढे, खांद्याला जेवणाचा डबा. नेहमीच्या कंडक्टरला याची सवय आहे. नवीन असला की तो दारातून डोकं काढून विचारतो, "काय झालं काका? कुणी धरलं काय?"

नसरापूरच्या स्टँडवर मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, मागे पोलीस आहेत.

"चढतंय कुणीबी, बाई," सर हात खाली घेत म्हणाले. "उतरताना माणूस कळतोय."

आमच्या हायस्कूलमध्ये मी तेव्हा नुकतीच गणित शिकवायला लागले होते. सर तिथे पीटी शिकवतात. कबड्डी, खो-खो सगळं घेतात, पण जीव जिम्नॅस्टिक्सवर. आणि मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत शिक्षिका हवी, म्हणून ती माळ माझ्या गळ्यात पडली. मला साधी कोलांटी येत नाही, हे मी आधीच सांगितलं. "आपल्याला येती की," सर म्हणाले. हे 'आपण' मला पुढे फार पुरलं.

संघात पाचजणी. शाळा सुटल्यावर सर मैदानात येत आणि विचारत, "आलो का आपण?" पाचही असल्या तर "आलो!" असा गलका. चारच असल्या तर सर मान हलवत, "न्हाई आलो," आणि सराव बंद. मग सगळी वरात पाचवीच्या घरी. वरव्याची अश्विनी एकदा तापाने पडली, तर सरांनी तिच्या अंगणात, तिच्या खाटेसमोरच सराव लावला. तिची आई मला म्हणाली, "ताप उतरंल हो बाई, पण ह्या गलक्यानं म्हशीनं दूध चोरलंय, काढू देईना."

कुणी म्हणालं, "सर, आम्ही चौघी करतो ना," की त्यांचं ठरलेलं वाक्य: "एकटं एकटं काय, बेडूक बी उडी मारतंय!"

या पाचजणींत काजल म्हणजे अंगात हाडं आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा अशी. मेंढरं राखणाऱ्या घरातली, डोंगरावरच्या वाडीतली. तिच्या वडिलांची परवानगी मागायला आम्ही गेलो, अर्थात पाचजणींसह. ते म्हणाले, "पोरगी उलटीपालटी व्हती, मान मोडली म्हंजी?" सरांनी डबा माझ्या हातात दिला आणि तिथेच, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीशेजारी, हात टेकून चाकासारखं गोल फिरून दाखवलं. टोपी एकीकडे गेली, मेंढरं दुसरीकडे. वडील पोट धरून हसले. "तुमी न्हाई मोडला, मग ती कशाला मोडतीय?" असं म्हणून त्यांनी परवानगी तर दिलीच, वर एक जुनं घोंगडंही दिलं. आमचा बीम, म्हणजे ज्या अरुंद लाकडावरून चालत कसरती करायच्या तो, सरांनी गावातल्या सुताराकडून सागाच्या वाशाचा करून घेतला होता. त्याला हे घोंगडं गुंडाळलं. पायाला भयंकर टोचायचं. मुली त्यावर "आई गं" म्हणत नाचायच्या.

आणि अश्विनी? ती थोराड, प्रेमळ आणि त्या वाशाला घाबरणारी. सगळ्यांच्या वेण्या घट्ट बांधायची, काजल वर चढली की खाली हात पसरून उभी राहायची. स्वतः चढली की पडायची.

जिल्हा स्पर्धा जवळ आली तेव्हा हेडमास्तरांनी सुचवलं, काजलला एकटीलाच वैयक्तिकमध्ये उतरवा. एक मुलगी, एक शिक्षिका, सुटसुटीत काम. मलाही ते पटलं. स्टाफरूममध्ये मी कागद घेऊन सरांना समजावलं, "पाचजणी उतरतात, पण सांघिकला चार चांगले गुणच धरतात. अश्विनीचे गुण कधीच धरले जाणार नाहीत. उगाच तिला तिथे सगळ्यांसमोर पाडायचं कशाला?"

सरांनी कागद नीट वाचला. "गणित बराबर हाय, बाई. पन ह्याच्यात खाली कोन उभं हाय, त्ये कुठं लिवलंय?"

"म्हणजे?"

"म्हंजी, जायचं तर आपन जायचं. न्हाईतर न्हाई."

मी रागावले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन पाच नावांवर सह्या करून आले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पुण्यातल्या त्या हॉलमध्ये शिरल्यावर आमच्या मुली एकमेकींना चिकटूनच चालायला लागल्या. फरशी चकचकीत, मॅट निळ्या, दुसऱ्या शाळांच्या मुलींच्या अंगावर चमकणारे पोशाख. काजलने बीमला हात लावून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, ह्ये टोचत न्हाई," ती कुजबुजली. "म्या न्हाई चढणार. पाय सुटंल."

मी सरांकडे वळून पाहिलं. सरांना आत सोडत नव्हते. ते कठड्यापलीकडे उभे होते. काजल खाली बसली, गुडघ्यात डोकं घालून. ती मागे फिरली असती तर वर्षभराची मेहनत तिथेच संपली असती.

आमच्याकडून पहिलं नाव अश्विनीचं होतं. ती चढली. तिसऱ्या पावलाला पडली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ती उठली, पुन्हा चढली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मात्र शेवटापर्यंत गेली, उतरली, दोन्ही हात वर केले आणि गुणफलकाकडे न बघता थेट काजलकडे आली. धापा टाकत म्हणाली, "काजे, ऐक. घसरत न्हाई त्ये. वरून मऊ हाय. फकस्त मधी वाईच लवतंय, तवा तितं घाई करू नगं. म्या तितंच पडले. आन् पायाला खडूची पूड जास्त लावू नगं."

काजलने डोकं वर केलं. "लई लवतंय?"

"आपल्या वाशापरीस जास्त. म्या हितंच हाय."

काजल चढली तेव्हा अश्विनी मॅटबाहेर, नियमात बसेल तेवढ्या जवळ, उभी होती. मधल्या जागी काजल थांबली, एक श्वास घेतला, आणि मग तिने जे केलं ते पाहून मघाशी हसलेला कोपराही टाळ्या वाजवायला लागला. बीमवर तिचा तिसरा नंबर आला. संघ म्हणून आम्ही सहावे. अश्विनीचे गुण धरले गेले नाहीत. माझं गणित बरोबर होतं, एवढंच.

परतताना हायवेवर नसरापूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही एका ढाब्यावर वडापाव खायला थांबलो. ऊन कलत होतं. मुलींनी ते पदक एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात फिरवायला सुरुवात केली होती. प्रत्येकीचा फोटो माझ्या मोबाईलवर. सर पलीकडच्या बाकावर एकटेच चहा पीत होते. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "सर, तुम्हाला कधी मिळालं होतं का हो?"

"व्हय की. नववीत." ते मुलींकडेच पाहत होते. "आमच्या येल्हे तालुक्यातनं म्या एकलाच गेल्तो. पयला नंबर. सोन्यावानी पिवळं हुतं. यष्टीनं परत आलो, वर वाडीत गेलो. घरात कुनी न्हाई, समदी भात लावाया गेलेली. सांच्याला आली ती दमून. आठ दिस खिशात घिऊन फिरलो, बाई. पन कुनाला दावावं, काय सांगावं, कळंना. त्ये काय असतंय, हेच कुनाला ठावं न्हवतं."

"मग?"

"मग बैलाच्या गळ्यात बांधलं." ते हसले. "गुणी बैल हुता. मान हलवायचा. कुठंतरी रानात पडलं त्ये."

मला हसूही आलं आणि हसताही येईना.

तेवढ्यात अश्विनी पदक घेऊन आमच्या बाकासमोर आली. "सर, तुमचा नंबर."

"आमचा कशापायी? तुमचं हाय त्ये."

"आपलं हाय," ती म्हणाली. "वाका की."

सरांनी कप खाली ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि मान वाकवली. मी फोटो काढला. मग गाडी आली, आम्ही चढलो. नसरापूर येईपर्यंत त्यांनी ते पदक गळ्यातून काढलं नाही, आणि पाचजणींपैकी एकीनेही ते परत मागितलं नाही.