वीस तोंडांचा फरारी

“वहिनी, माझी नजर म्हणजे क्ष-किरण. फरक एवढाच, की क्ष-किरणांना वीज लागते आणि मला चहा,” अंबरीशकाका म्हणाले आणि आईच्या चष्म्यावर बसले.

तो रविवार इतका साधा होता, की पुढे त्यातलं काय जपून ठेवावं हे मला कळेना. बाहेर जानेवारीचं धुकं. समोरची बागसुद्धा गायब. आत, मोहालीशेजारच्या शहरात, सेक्टर तीसमधल्या आमच्या घरात, बाबांचा खेळ मांडलेला. बाबा गोष्ट सांगायचे, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचे. आपण काय करतो ते प्रत्येकानं बोलायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

असे खेळ हल्ली मोहालीच्या कॅफेत रंगतात. तिथे सगळा सरंजाम विकत मिळतो. बाबा, म्हणजे लक्ष्मीकांतराव, निवृत्त उपकरण-अभियंते. विकतच्या वस्तूंची त्यांना दया यायची. फासा त्यांनी स्वतः पितळ घासून केला होता. तो टाकायला परात, आणि आवाज होऊ नये म्हणून परातीत जुन्या शालीचा तुकडा. गुहेचा नकाशा आईच्या ओटीत आलेल्या ब्लाउजपीसवर. राक्षस आला की वाजवायला पूजेची घंटा. देव आणि राक्षस एकाच घंटेवर येतात, याला आईची हरकत होती. सोंगट्या म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, साताऱ्याहून चादरीत गुंडाळून आणलेले. फासा ठेवायला बाबांची माकडटोपी.

नियम दोनच. खाली पडलेला फासा धरायचा नाही. आणि मनात केलेलं धरायचं नाही. जे करायचं ते मोठ्यानं बोलायचं.

“मी दाराची कडी बारकाईनं तपासतो,” काका म्हणाले. खेळातही ते गुप्तहेरच असत.

“दाराला कडी नाही,” बाबा म्हणाले.

“हीच तर संशयाची जागा!”

“अंकल, दरवाजा खुला है,” सौमित्र म्हणाला. तो मोहालीत आयटीत. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत.

“आणि काका, ही गवळण कोणाची हो?” मधुवंतीनं बाबांना विचारलं. ती इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. खेळाडू तीन, सोंगट्या मात्र चार. गुहेपासून लांब एक मातीची गवळण कायम उभी असे.

“ती बोलेल तेव्हा कळेल,” बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन बसले होते. मी पान उलटलं.

निघताना काका कुडकुडायला लागले. बाबांनी टोपी परातीवर झटकली आणि काकांच्या डोक्यावर चढवली.

“अहो, अस्तर उसवलंय तिचं. शिवायची आहे,” आई म्हणाली.

“पुढच्या रविवारी,” बाबा म्हणाले.

तो रविवार त्यांनी गाठला नाही. झोपेतच गेले. कोणाला उठवायची त्यांना सवय नव्हती.

मार्चमध्ये आईनंच तिघांना बोलावलं. “हे तीन माणसांना गुहेच्या दाराशी ताटकळत ठेवून गेले. बरं दिसत नाही. खेळ पुरा करा.”

परात होती, शाल होती, घंटा होती. फासा नव्हता.

“ऐप है ना, आंटी,” सौमित्रनं फोन काढला. आईनं नुसतं पाहिलं. त्यानं फोन ठेवला. त्या फाशाशिवाय कोणी खेळणार नव्हतं, आणि न खेळता कोणाला उठवतही नव्हतं.

“कोणीही हलायचं नाही!” काका म्हणाले. डोक्यावर अजून ती टोपी. उकाडा सुरू झाला होता, पण डोकं गरम असलं की विचार पातळ होऊन वाहतात, असं त्यांचं म्हणणं. “शिवाय डाव्या कानावर काहीतरी टोचतंय. अंतःप्रेरणा.”

“कधीपासून?” मधुवंतीनं विचारलं.

“लक्ष्मीकांतराव गेले तेव्हापासून.”

“स्कॅन करून घ्या.”

“अंतःप्रेरणा स्कॅनमध्ये येत नाही, डॉक्टर. बरं, सौमित्र! तू मोहालीत राहतोस. म्हणजे पंजाबात. इथे येतोस म्हणजे हद्द ओलांडतोस. आंतरराज्य टोळी!”

“अंकल, मैं ऑटो से आया हूँ.”

“टोळ्या ऑटोनंच येतात. आणि मधुवंती, तू भूल देतेस. फासा कुठे गेला हे इथे कोणालाच आठवत नाही. हा योगायोग?”

“काका, तुम्हाला स्वतःचा चष्मा कुठे आहे हे आठवत नाही.”

“हाही तुझाच बळी.” काका नकाशावर वाकले. “आता ही गवळण. सगळे गुहेपाशी, ही लांब उभी. टेहळणी! ज्ञानदा, त्या रविवारी तू कुठे होतीस?”

“दारात.”

“काय करत होतीस?”

“वाचत होते.”

“काय वाचलंस?”

ते पुस्तक मी वर्षभर दर रविवारी उघडत होते. त्यातलं एकही वाक्य मला सांगता आलं नसतं.

“संशयित निरुत्तर,” काकांनी जाहीर केलं.

“भावोजी, आधी ती टोपी काढा,” आई म्हणाली. “वास येतोय. धुवून, अस्तर शिवून देते.”

“वहिनी, तपास चालू असताना गुप्तहेराच्या—”

आईनं टोपी ओढली आणि धुवायच्या कपड्यासारखी खाडकन झटकली.

टण्ण.

उसवलेल्या अस्तरातून पितळ फरशीवर पडलं आणि दिवाणाखाली घरंगळलं.

काकांनी कान चाचपला. “अंतःप्रेरणा गेली,” ते म्हणाले. मग सावरून, “मी सांगतच होतो. उत्तर डोक्यात आहे.”

सौमित्र दिवाणाखाली आडवा झाला. “आंटी, ग्यारह आया है!”

“खाली पडलेला धरायचा नाही!” आम्ही चौघं एकदम ओरडलो. वाक्य बाबांचं होतं.

आईनं फासा माझ्या हातात दिला. तो गरम होता. काकांच्या डोक्यानं, हे मला माहीत होतं. तरी मी मूठ मिटली.

“पण गोष्ट कोण सांगणार?” काकांनी विचारलं. आवाजातला गुप्तहेर गेला होता. “सुरुवातीपासूनचं सगळं कोणाला आठवतंय?”

मी गवळण उचलली आणि गुहेच्या दाराशी, तिघांच्या शेजारी ठेवली. मग बाबांच्या खुर्चीकडे बघून काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं,” आई म्हणाली.

“मी ऐकत होते, बाबा,” मी म्हणाले. “पहिल्या रविवारपासून. आता मी आत येते.”

आणि फासा परातीत टाकला.