रंगरावांची शिफ्ट

"या घरात आजपासून 'शिफ्ट' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही!" रंगरावांनी गर्जना केली आणि ते खाटेसकट बाल्कनीत शिफ्ट झाले.

सुनेची, ऋतुजाची, कंपनीतली शिफ्ट बदलली होती. आता ती रात्री काम करणार, दिवसा झोपणार. वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसा डोळा लागेल अशी खोली एकच, रंगरावांची. त्यांच्या पत्नीने, शालनताईंनी, हॉल धरला. उरली बाल्कनी.

"तिची शिफ्ट बदलली, म्हणून मला शिफ्ट? एका शब्दाने माणसाला किती छळावं!"

खोली परत मिळवायचीच, या इरेला पेटून त्यांनी जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडला. शब्दाचं खानदानच उकरायचं होतं.

इकडे मुलाने, सलिलने, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "बाबांना शिफ्ट केलंय. काळजी नसावी."

'काळजी नसावी' वाचल्यावर कोण घरी बसतो? धाकटे बंधू हिंदुराव गावाहून स्वारगेटला उतरले ते शहाळी घेऊनच दारात उभे.

"वहिनी, कंच्या दवाखान्यात हलवलं दादाला?"

"बाल्कनीत."

"आँ! बेड मिळंना व्हय?"

बाल्कनीत रंगरावांना आयताच श्रोता मिळाला. "बैस, हिंदू. मूळ सापडलं! जुन्या इंग्रजीत शिफ्ट म्हणजे वाटणी करणं. मग अर्थ घसरला, कपडे बदलणं झाला. शेवटी बायकांच्या आतल्या झग्यालाच शिफ्ट म्हणायला लागले. हा काय घरात ठेवायचा शब्द आहे?"

"अहो, हळू! सून झोपलीये आणि झगे कसले काढताय?" शालनताई हॉलमधून कडाडल्या.

हिंदुराव मात्र पहिल्या अर्थालाच अडले होते. "वाटणी? म्या शहाळी आणली, अन् तू वाटणी काढतुयास?"

"अरे, मी शब्दाचं बोलतोय!"

"शब्दाचंच! आबांनी मरताना शब्द घेतला व्हता, रान अखंड ठिवू म्हणून!"

"व्युत्पत्ती रे, व्युत्पत्ती!"

"ऐका वहिनी! आता संपत्तीवर आला!"

हॉलमध्ये ऋतुजा डोळे चोळत आली. रंगरावांच्या आशा पल्लवित झाल्या. एवढ्या कल्लोळात कोण झोपणार? आता खोली परत!

"बाबा, दार लावून घेते हं," ऋतुजा म्हणाली आणि बाल्कनीचं दार आतून लावून गेली.

"सोक्षमोक्ष लागंस्तवर मी हितनं हलणार न्हाई!" म्हणत हिंदुराव खाटेवर आडवे पसरले.

रंगराव शब्दकोश पोटाशी धरून उभेच. इंग्रजी भाषा, सून, भाऊ, सगळ्यांचा एकदाच समाचार घ्यावा म्हणून त्यांनी मोठा श्वास घेतला. पाय भरून आले होते.

"हिंदू," ते म्हणाले, "जरा सरक."